गोड-तिखट पाकवलेली फळे: तिखट नेमके कधी घालावे?

साखरेच्या पाकात मुरवून सुकवलेली फळे घरी करणाऱ्यांसाठी हा धागा आहे. मुरंबा किंवा जॅम येथे अपेक्षित नाही. फोड हातात धरता यावी, बोटांना फारशी चिकटू नये आणि चावली की आतून ओलसर लागावी, अशा पदार्थाबद्दल लिहावे. त्यातही गोड-तिखट प्रकार माझ्या मनात आहे, कारण नुसत्या गोड फोडींची कृती कोणीही सांगते. पण मिरची, मिरे किंवा आले कोणत्या टप्प्यावर घालावे, यावर दोन माणसांचे एकमत झालेले मी पाहिलेले नाही. कोणी पाकातच मिरची उकळतात, कोणी फोडी सुकल्यावर वरून तिखट भुरभुरवतात, तर कोणी दोन्ही करतात. आपण कोणते फळ घेता, पाक कुठवर आटवता आणि तिखट कधी घालता, हे कारणासह लिहावे. कारण कळले की दुसऱ्या फळाला तेच लागू पडते का, हे ताडून पाहता येते.

संत्र्याच्या साली

मी प्रामुख्याने संत्र्याच्या आणि लिंबाच्या साली पाकवते. जाड सालीची फळे यासाठी उत्तम, कारण सालीखालचा पांढरा भाग पाक छान शोषून घेतो. बरेच जण कडू लागेल म्हणून तो खरवडून टाकतात; माझ्या मते तसे केले तर खाण्याजोगे फारसे काही उरतच नाही. कडूपणा काढायचा तर सालीचे लांब तुकडे गार पाण्यात घालून उकळी आणावी, ते पाणी फेकून द्यावे आणि पुन्हा नवे पाणी घ्यावे. असे तीन वेळा केले की बहुतेक कडूपणा निघून जातो आणि जो थोडा उरतो, तो तिखटाच्या जोडीला हवाच असतो.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साल साखरेत जाण्यापूर्वी पूर्ण मऊ झालेली असली पाहिजे, कारण एकदा साखर आत शिरली की ती आणखी मऊ होत नाही, कितीही वेळ शिजवली तरी. मी एक तुकडा बाहेर काढून पांढऱ्या बाजूने अंगठ्याचे नख हलकेच दाबते. नख विनासायास आत गेले तर साल तयार; किंचितही अडले तर पातेले पुन्हा आचेवर जाते.

पाकासाठी साखर आणि पाणी वजनाने सारखे घेते. साली त्यात मंद आचेवर, झाऱ्याने फार न ढवळता, पारदर्शक होईपर्यंत ठेवते. तिखटासाठी वाळलेली लाल मिरची उभी चिरून, बिया झटकून, पाक घट्ट होऊ लागला की अखेरच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी सोडते आणि साली काढण्याआधी तीही काढून टाकते. मिरचीतला तिखटपणा देणारा कॅप्सेसिन हा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे पाकातून येणारे तिखट सौम्य असते; पण ते सगळीकडे सारखे पसरते, एखादाच तुकडा झणझणीत निघत नाही. मला तेवढेच हवे असते.

अननस, आणि घाई न करण्याविषयी

वरील पद्धत सालींना चालते; रसाळ फळांना मात्र ती चालत नाही. अननसाच्या चकत्या थेट दाट पाकात टाकल्या तर आतले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, साखर तेवढ्या वेगाने आत शिरू शकत नाही, आणि चकती आक्रसून वातड होते. म्हणून पाक पातळ ठेवून सुरुवात करावी आणि तो रोज थोडा दाट करत न्यावा.

मी चकत्या आधी साध्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळून घेतो. कच्च्या फळाच्या पेशींची पटले शाबूत असतात. ती पाणी बाहेर जाऊ देतात, पण साखरेला अडवून धरतात. उकळल्यावर ती पटले मोडतात आणि साखरेची वाट मोकळी होते. पहिल्या दिवशी एक लिटर पाण्याला अर्धा किलो साखर, म्हणजे वजनाने साधारण 33 टक्क्यांचा पाक करतो आणि चकत्या त्यात रात्रभर बुडवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी चकत्या काढून पाकात आणखी साखर घालतो, उकळी आणतो आणि तो पुन्हा चकत्यांवर ओततो. रोज सुमारे दहा टक्के वाढ होईल इतकीच साखर घालायची, आणि पाक 70 ते 75 टक्क्यांपर्यंत पोहोचला की थांबायचे. फळातून सुटलेले पाणीही पाक पातळ करत असते, हे हिशेबात धरावे लागते. अखेरीस चकत्या त्याच पाकात आणखी एक-दोन दिवस तशाच मुरू देतो.

आपली प्रगती डोळ्यांनीही कळते. पहिल्या दिवशी चकती धूसर, पिवळट आणि अपारदर्शक असते. मग कडेने ती उजळू लागते आणि मधल्या कठीण भागाभोवती एक पांढुरके कडे राहते, जे रोज थोडे अरुंद होत जाते. चकती चिमट्याने उजेडासमोर धरावी; ते कडे नाहीसे झाले आणि पलीकडची बोटे दिसू लागली की साखर आतपर्यंत पोहोचली.

एवढ्या दिवसांच्या पाकात मिरची सुरुवातीपासून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाक रोज उकळला जातो, आटत जातो आणि मिरचीचा दर्प फळाच्या सुगंधावर कुरघोडी करतो. अननसाला तिखट वरूनच लावावे, तेही खाण्याच्या दिवशी.

आले

आले हे फळ नाही हे मान्य, तरीही त्याला येथे जागा असावी, कारण ते एकटेच गोड आणि तिखट या दोन्ही बाजू सांभाळते. ताज्या आल्यातील जिंजेरॉल सुकताना आणि तापताना काही प्रमाणात शोगाओलमध्ये बदलते आणि ते जिंजेरॉलपेक्षा अधिक तिखट असते. सुकवलेले आले ताज्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने घशाला लागते, ते यामुळेच. कोवळे आले घ्यावे, पातळ चकत्या कराव्यात आणि त्या चांगल्या मऊ होईपर्यंत उकळून घ्याव्यात. जून आल्याचे धागे साखरेतही धागेच राहतात. यात मिरची घालण्याचे मला तरी काही प्रयोजन दिसत नाही.

कोरडे मिश्रण वरून लावताना

पाकात तिखट घालण्याच्या बाजूचा मी नाही. साखर तिखटपणा बराच झाकते, आणि गरम पाकाची चव घेऊन तिखटाचा अंदाज बांधणे फसवे असते, कारण गरमपणामुळेही तिखट अधिक जाणवते. तोच पाक गार झाल्यावर मवाळ लागतो. शिवाय खाणाऱ्यांपैकी एखाद्याला तिखट सोसत नसेल तर पाकातले तिखट काढता येत नाही. वरचे मात्र कमी-जास्त करता येते.

माझे मिश्रण असे असते: 100 ग्रॅम जाडसर साखर, एक चहाचा चमचा बारीक तिखट, पाव चमचा मीठ आणि ताजी भरड कुटलेली मिरे. मिरपूड तिखटाइतकी बारीक करू नये. भरड कण दाताखाली आल्यावर जो झटका बसतो, तो पुडीतून मिळत नाही. तिखट आणि मीठ आधी कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर शेकून त्यातला ओलावा घालवावा; त्या वेळी खिडकी उघडी असावी, नाहीतर घरभर ठसका लागतो.

मिश्रण लावण्याची वेळही सांभाळावी लागते. फोडी ओल्या असताना लावले तर ते विरघळून लाल ओघळ होतात आणि फोडी ठणठणीत कोरड्या झाल्यावर लावले तर चिकटतच नाही. जाळीवर निथळून सुकलेली फोड बोटाला किंचित धरते, पण बोटावर पाक उरत नाही, ती वेळ साधावी. मीठ आणि लिंबूसत्त्व दोन्ही ओलावा खेचतात. म्हणून आंबटपणासाठी लिंबूसत्त्व घालायचे असेल तर ते केवळ त्याच दिवशी संपणाऱ्या फोडींना लावावे; साठवणीच्या फोडींना लावले तर त्यांना बरणीत पाणी सुटते.

पाकाचे तापमान आणि साखर जमणे

सालींच्या अनुभवात पाक कुठवर आटवावा हे आलेले नाही, म्हणून लिहिते. समुद्रसपाटीला पाक 106 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की त्यात साखर साधारण 70 टक्के असते. उंचावर राहणाऱ्यांनी हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, कारण दर 300 मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. सोपा उपाय असा, की आधी नुसते पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहावे आणि त्यात सहा मिळवावेत. पाणी 97 अंशांना उकळत असेल तर पाक 103 ला तयार होतो. थर्मामीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी ती चूकही या रीतीने भरून निघते.

गार झाल्यावर पाक साखरून रवाळ होऊ नये म्हणून त्यात लिंबाचा रस पिळावा. आम्लामुळे काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडते आणि मिश्र साखरेचे स्फटिक सहज बनत नाहीत. लिक्विड ग्लुकोजनेही हेच साधते. मात्र आम्ल जास्त झाले तर फोडी सुकूनही चिकट राहतात, तेव्हा एक किलो साखरेला एका लहान लिंबाच्या पुढे मी जात नाही. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पाकात ढकलत राहावेत, कारण तेवढ्या कणांवरूनही सगळा पाक जमू शकतो.

मऊ फळांबद्दल थोडेसे

पेअर, पपई यांसारखी फळे पाकात विरघळू लागतात. ती थोडी कच्चीच घ्यावीत आणि फोडी खाण्याच्या चुन्याच्या निवळीत दोन-तीन तास ठेवाव्यात. चुन्यातील कॅल्शियम फळातील पेक्टिनला बांधून ठेवते. नंतर फोडी पुष्कळ पाण्यात पुन्हा पुन्हा धुवाव्यात. निवळी म्हणजे वरचे स्वच्छ पाणीच; तळाचा साका घेऊ नये.

दमट हवेत सुकवणे आणि साठवणे

हवा दमट असेल तर फोडी उघड्यावर सुकत नाहीत. साखर उलट हवेतलेच पाणी ओढून घेते. मी ओव्हन 50 ते 60 अंशांवर ठेवून दार किंचित उघडे ठेवते. याहून जास्त उष्णतेने वरची बाजू कडक होते आणि आत ओल राहते, जी नंतर त्रास देते. डीहायड्रेटर असल्यास प्रश्नच नाही.

काही दिवसांनी फोडींवर पांढरे काही दिसले की लोक घाबरतात किंवा उलट दुर्लक्ष करतात. दोन्ही करू नये. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. साखरेचे स्फटिक विरघळतात, बुरशी विरघळत नाही आणि भिंगातून तंतुमय दिसते. बुरशी असेल तर तो भाग कापून उरलेले खाऊ नये, सगळी बरणी टाकावी. अननसासारख्या बरेच दिवस चालणाऱ्या पद्धतीत पहिले काही दिवस अधिक जपावे लागते, कारण पातळ पाकात यीस्ट वाढते. पाकावर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला तर पाक आंबू लागला आहे, असे समजावे. पाक रोज खळखळून उकळण्यामागे साखर वाढवण्याइतकेच हेही कारण आहे. तिखट लावलेल्या फोडी मी वेगळ्या बरणीत, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवते.

मिरचीच पाकवली तर

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिरचीही फळच आहे, तेव्हा तिखट कधी घालावे हा प्रश्न मी वेगळ्या बाजूने सोडवतो. जाड गराच्या हिरव्या मिरच्यांच्या चकत्या कराव्यात. दोन भाग साखर आणि एक भाग व्हिनेगर एकत्र उकळून त्यात चकत्या चार-पाच मिनिटेच ठेवाव्यात. मग त्या झाऱ्याने काढून पाक थोडा आटवावा आणि चकत्यांवर ओतावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास एक-दोन आठवड्यांत गोड, आंबट आणि तिखट एकजीव होतात. या चकत्या कोरड्या होत नाहीत, हे मान्य करतो. चिरताना हातमोजे घालावेत. घातले नसतील तर हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवावेत, कारण नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही. पातेल्यावर वाकून वास घेण्याचा मोह टाळावा. मिरची आणि व्हिनेगरची वाफ एकदम डोळ्यांत जाते.

मिरच्या संपल्यावर उरणारा पाक मात्र या सगळ्याहून उपयोगी ठरतो. वर ज्यांनी अननसाच्या चकत्या लिहिल्या आहेत, त्यांनी त्या ओव्हनमध्ये सुकवताना शेवटच्या अर्ध्या तासात या पाकाचा एक पातळ हात ब्रशने फिरवून पाहावा. पाकात तिखट उकळावे लागत नाही, वरून पूड ओघळत नाही आणि अननसाचा स्वतःचा वासही टिकतो. ज्यांना पूड लावायचीच आहे, त्यांना ती चिकटण्यापुरता ओलावाही याच पाकाने मिळतो. त्यांनी यानंतरचे मिश्रण फक्त मीठ आणि मिऱ्याचे ठेवावे.