शब्दचर्चा: गोल्फच्या ग्रीनवरचे ‘ढाळ’, ‘ओढ’ आणि ‘लव’

मूळ प्रश्न

नव्याने कॅडीचं काम (गोल्फ खेळाडूची बॅग उचलणं, त्याला सल्ला देणं) शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका करतोय. ग्रीन (कपाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), पटर (तिथे वापरायची काठी), पट (तिने चेंडू घरंगळवत मारलेला फटका), कप (चेंडू पाडायचं भोक) हे शब्द तसेच ठेवलेत, कारण मुलं तेच बोलतात. अडलंय ते ग्रीन कुठल्या बाजूला कलली आहे हे ओळखायच्या प्रकरणात. स्लोप (जमिनीचा कल), ब्रेक (घरंगळताना चेंडूचं बाजूला सरकणं), फॉल लाइन (कल सरळ खाली जातो ती रेघ) आणि ग्रेन (गवताच्या पात्यांचा झुकाव), या चौघांना काय म्हणावं? पहिल्या खर्ड्यात मी स्लोपलाही ‘उतार’ लिहिलं आणि ब्रेकलाही ‘उतार’च. एका वाक्यात तीन उतार आले आणि वाचणाऱ्याला काही बोध होईना. ग्रेनला शब्दकोशात ‘धान्य’ आणि ‘कण’ मिळाले, ते तर उपयोगाचेच नाहीत.

प्रतिसाद

स्लोपला ‘उतार’च ठेवा, सगळ्यांना कळतो. ब्रेकला ‘वळण’ म्हणा. क्रिकेटमध्ये फिरकीचा चेंडू वळतोच की.

प्रतिसाद

वरच्या दोन्ही सूचनांशी मी सहमत नाही. पुण्यात बरीच वर्षं खेळतोय आणि या शब्दांवर कॅडींशी खूप बोललोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘उतार’ हा शब्द उभं राहणाऱ्यावर अवलंबून असतो. कपाच्या वर उभे असाल तर तुमच्यासाठी उतार, खाली असाल तर तोच चढ. जमीन एकच, शब्द दोन. म्हणून जमिनीचा गुण सांगायला तो कच्चा पडतो. त्यासाठी आपल्याकडे गवंड्याचा नेमका शब्द आहे: ढाळ. ‘मोरीला ढाळ दिलाय का?’ असं घर बांधताना प्रत्येकाने विचारलेलं असतं. ढाळ म्हणजे पाणी जाईल ती बाजू, मग तुम्ही कुठेही उभे असा. ग्रीनवर हेच हवं असतं. बादलीभर पाणी इथे ओतलं तर ते कुठे जाईल, हा जुन्या कॅडींचा पहिला प्रश्न असतो.

ढाळ मोजायचा शेकड्यात. 1 टक्का म्हणजे मीटरला 1 सेंटीमीटर. अंशात नको, कारण 1 टक्का म्हणजे जेमतेम 0.57 अंश, आणि नवशिक्यांचा तिथे हमखास गोंधळ होतो. कपाभोवती 2 टक्के म्हणजे चांगलाच जाणवणारा ढाळ.

आता ब्रेक. हा जमिनीचा गुण नव्हेच, चेंडूचा आहे. त्यासाठी माझा शब्द ओढ. ‘वळण’ मला पटत नाही. फिरकीचा चेंडू टप्प्यावर वळतो, एका जागी. पट केलेला चेंडू टप्पा घेत नाही. तो सगळी वाट थोडाथोडा खाली ओढला जातो आणि वेग मरत आला की सगळ्यात जास्त. शेवटच्या दोन-तीन फुटांत तो अचानक ढळतो असं वाटतं ना, ते म्हणूनच. ‘ओढ’मध्ये हे सगळं आपोआप येतं, आणि कोण ओढतंय तेही कळतं.

ढाळ आणि ओढ वेगळे का ठेवायचे, याचा दाखला देतो. समजा ढाळाला आडवा असा 3 मीटरचा पट आहे आणि ढाळ 2 टक्के. बाजूला जमीन मीटरला 2 सेंटीमीटर पडते, हे सकाळीही तेवढंच आणि संध्याकाळीही तेवढंच. पण ओढ किती? सकाळी दव असताना ग्रीन मंद असते, ओढ कमी. दुपारी गवत कापून, रोलर फिरवून ग्रीन जलद झाली की त्याच जागी ओढ वाढते, कारण चेंडू हळू मारावा लागतो आणि ढाळाला त्याच्यावर काम करायला जास्त वेळ मिळतो. चढावर जोरात मारतो म्हणून ओढ कमी, उतारावर जास्त. दोन्हीला एकच शब्द वापरला तर मुलाला हे समजावणार कसं?

ग्रीनचा हा वेग मोजतात ते साधन म्हणजे स्टिंपमीटर. 1935 साली अमेरिकेत ओकमाँटच्या मैदानावर यूएस ओपन ही स्पर्धा झाली, तिथे जीन साराझेन या खेळाडूचा एक पट ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिंपसन होते. ग्रीन गैरवाजवी जलद आहेत हे दाखवायचं तर आकडा हवा, म्हणून त्यांनी लाकडी पट्टी बनवली. आज वापरतात ती अॅल्युमिनियमची, 36 इंच लांब, खाच असलेली. एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण 20 अंशांवर चेंडू खाचेतून सुटतो, आणि तो सपाट जागी किती फूट गेला तो आकडा. उलट दिशेनेही सोडून सरासरी काढतात. सपाट जागा का? तर ढाळ वगळून निव्वळ वेग हाती यावा म्हणून. ज्यांनी हे साधन केलं त्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या.

फॉल लाइन म्हणजे कपातून जाणारी, पाणी सरळ खाली जाईल ती रेघ. तिच्यावरून पट केला तर ओढ शून्य. काही जण तिला ‘धार’ म्हणतात. सह्याद्रीत भटकणाऱ्याला धार म्हणजे डोंगराची कड, तेव्हा तो उलटंच समजेल. मी पाणवाट म्हणतो.

आणि ग्रीन ‘वाचणे’ चालेल का? ‘खेळपट्टी वाचणे’ मराठी क्रीडापानांत रुळलंय, तेव्हा हरकत नाही. तरी मला ‘पारखणे’ जवळचा वाटतो, कारण पारखताना डोळ्याबरोबर हातपायही येतात. एमपॉइंट एक्सप्रेस पद्धत पाहा. मार्क स्वीनी यांची ही पद्धत अॅडम स्कॉटसारखे खेळाडू वापरतात. वाटेच्या मध्याजवळ, वाट दोन पायांच्या मधोमध ठेवून उभं राहायचं आणि कुठल्या तळव्यावर भार येतोय ते जाणायचं. ढाळ 1 टक्का वाटला तर एक बोट, 2 टक्के तर दोन. मग चेंडूमागे जाऊन हात लांब करायचा, बोटांची एक कड कपाच्या मध्यावर धरायची आणि दुसरी कड जिथे येईल तिकडे नेम. ग्रीन जलद असेल तर कोपर वाकवून हात जवळ घ्यायचा. बोटं रुंद दिसतात, नेम आणखी वर सरकतो. म्हणजे बोटं ढाळ सांगतात आणि कोपर वेग, दोन्ही मिळून ओढ.

प्रतिसाद

वरचं पटलं. मी बांधकामातला माणूस, म्हणून दोन भर.

प्लम-बॉबिंगला, म्हणजे पटर लोंबता धरून ढाळ पाहण्याला, मराठी शोधत बसू नका, ओळंबा धरणे हा तयार आहे. चेंडूमागे उभं राहून पटर दोन बोटांत सैल लोंबता धरायचा, एक डोळा मिटायचा, दांड्याच्या खालच्या भागाने चेंडू झाकायचा आणि कप दांड्याच्या कुठल्या बाजूला दिसतो ते पाहायचं. पण पुस्तिकेत एक इशारा नक्की लिहा. ओळंबा नेहमी सरळच लोंबतो, वाकडे असतो आपण. तुमच्या पायाखालचा ढाळ आणि कपाजवळचा ढाळ वेगळा असेल, तर तो फसवतो. भिंतीलासुद्धा आम्ही एकाच जागी ओळंबा लावून मोकळे होत नाही.

पाणसळीचं मात्र उलट. सरावाच्या ग्रीनवर पाणसळ किंवा फोनमधलं लेव्हल ठेवून पायाची परीक्षा जरूर घ्यावी. खेळ चालू असताना ढाळ साधनाने मोजायला नियमांत मनाई आहे, आणि चाचणी म्हणून चेंडू घरंगळवून किंवा ग्रीन घासून पाहायलाही.

आता ग्रेन. इकडच्या ग्रीनवर बहुधा बर्म्युडाच्या जाती असतात, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती आडवी पसरते, म्हणून तिची पाती एका बाजूला झुकलेली असतात. मखमलीवरून हात फिरवा. एकीकडून चमकते, दुसरीकडून काळपट दिसते. कापडाच्या त्या बारीक केसांना आपण लव म्हणतो. ग्रीनवर अगदी तसंच. समोर चकाकी दिसली तर लव तुमच्यापासून पलीकडे झुकलीय, चेंडू पळेल. काळपट दिसलं तर लव अंगावर येतेय, चेंडू अडेल. शंका वाटली तर कपाची कड वाकून पाहा. ज्या बाजूची कड विरलेली, पिवळट असेल, तिकडे लव चाललीय. ‘लवेच्या बाजूने’, ‘लवेविरुद्ध’ असं लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. सगळे शब्द घेतले. आज सकाळी ग्रीनवर एका मुलाला हा उतारा वाचून दाखवला:

‘आधी लांबून पाहा, पाणी कुठे जाईल. ती पाणवाट. मग पायांनी ढाळ जाण. कपाजवळ लव कुठे झुकलीय ते पाहा. मग खेळाडूला सांग, ओढ किती.’

त्याने एकदाच ऐकलं, कपापाशी जाऊन वाकला आणि म्हणाला, “लव तिकडं चाललीया, ढाळ पण तिकडंच. दीड कप उजवीकडं.” पट तिथेच मारला आणि चेंडू वरच्या अंगाने आत पडला. मग त्यानेच एक दुरुस्ती सुचवली. मी पुढे ‘चेंडू डावीकडे ओढ घेईल’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, “घेईल कशाला? चेंडू काय स्वतःहून घेतोय का? ‘डावीकडं ओढला जाईल’ म्हणा.” सगळीकडे तसंच बदललंय.