सल्ला हवा: 1967 चा अली विरुद्ध 1988 चा टायसन, हा वाद घालायचा तरी कसा?

पिंपळपार

आठ हेवीवेट बॉक्सिंग विजेत्यांची काल्पनिक बाद स्पर्धा लावायची आहे: डेम्प्सी, जो लुई, मार्सियानो, अली, फोरमन, टायसन, लेनॉक्स लुईस आणि उसिक. प्रत्येक लढतीला दोन वकील, बाकीचे मतदार. अडचण अशी की पाचव्या मिनिटाला गाडी "अली तो अलीच" आणि "टायसनचा एक बसला की खेळ खलास" यावर येऊन अडते. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. नियम कुठल्या काळाचे धरायचे? कोणाच्या कुठल्या लढती बघायच्या (माणशी तीनच, सुट्टी एवढीच आहे)? आणि वजन-उंचीच्या फरकाला किती भाव द्यायचा? पहिल्याच चिठ्ठीत अली-टायसन निघालेत, तेव्हा त्यावर जरा जास्त लिहा.

पंधरावा_राउंड

आधी नावांच्या पुढे तारखा लिहा. 1967 चा अली मार लागेल इतका जवळच यायचा नाही. 1974 चा अली दोरांवर रेलून फोरमनला थकवायचा. मधे साडेतीन वर्षं बंदी गेली आणि पाय गेले. ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाचे पाय आणि दुसऱ्याचा जबडा जोडून तिसराच अली उभा करणं हा या वादातला नेहमीचा घोटाळा.

टायसनची खिडकी त्याहून अरुंद आहे. नोव्हेंबर 1986 ला बर्बिक, जून 1988 ला स्पिंक्स, बास. त्याच वर्षी प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढलं. त्यानंतरच्या लढतींत डोकं कमी हलतं आणि चार-पाच ठोशांच्या साखळीऐवजी एकेक मोठा ठोसा दिसायला लागतो.

आता नियम. सगळ्यात आधी राउंड किती ते ठरवा, कारण निकाल तिथेच फिरतो. 1952 मध्ये मार्सियानोने वॉलकॉटला तेराव्या राउंडला पाडलं तेव्हा तिन्ही कार्डांवर (पंचांच्या गुणपत्रकांवर) वॉलकॉट पुढे होता. बारा राउंड धरले तर मार्सियानोचं ते एकदाही न हरलेलं 49-0 शिल्लकच राहत नाही! 1941 मध्ये बिली कॉनही बारा राउंडांनंतर दोन कार्डांवर लुईच्या पुढे होता. तेराव्यात पाडायला गेला आणि स्वतःच पडला. 1982 मध्ये मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर किम दुक-कू मरण पावला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या संघटनेने बारा राउंड केले आणि 1988 पर्यंत बाकीच्या मोठ्या संघटनाही त्याच वाटेने गेल्या. पंधरा राउंड दमदार आणि हलक्या माणसाला मानवतात, बारा राउंड उंच आणि जड माणसाला.

दुसरा मुद्दा न्यूट्रल कॉर्नरचा, म्हणजे समोरचा पडला की रिकाम्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. 1919 मध्ये डेम्प्सीने विलर्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं. ती फिल्म नीट बघा. विलर्ड उठतोय आणि हा हातभर अंतरावर टपून उभा आहे. आज तसं चालत नाही. 1927 मध्ये टनीला पाडल्यावर त्याच सवयीने डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला जास्तीचे सेकंद मिळाले. डेम्प्सीच्या वकिलाला आजचे नियम दिलेत तर त्याचं निम्मं हत्यार तुम्हीच काढून घेतलंत.

तिसरा डॉक्टर. 1954 च्या दुसऱ्या लढतीत चार्ल्सने मार्सियानोचं नाक अक्षरशः फाडलं, तरी लढत चालू राहिली आणि मार्सियानोने आठव्यात त्याला पाडलं. 2003 मध्ये व्हिताली क्लिचको लुईसविरुद्ध तिन्ही कार्डांवर 58-56 ने पुढे होता, डोळ्यावरच्या जखमेमुळे सहा राउंडनंतर थांबवलं. आजचा डॉक्टर कोपऱ्यात बसवला तर मार्सियानो किती लढती पुऱ्या करेल, ते त्याच्या वकिलाला विचारा.

ग्लोव्ह्जही लिहून ठेवा. आज हेवीवेटला 10 औंस. जुन्या काळात 5-6 आणि मग 8 औंस असायचे.

माझ्या मते मधला तोडगा बरा: पंधरा राउंड, 8 औंस, न्यूट्रल कॉर्नर सक्तीचा.

जॅबमास्तर

वरचं सगळं मान्य. लढती निवडताना माझा एक साधा हिशोब आहे. माणशी एक लढत अशी, जिथे तो भरात होता. एक, जिथे जिंकला पण घाम फुटला. आणि एक, जिथे हरला किंवा निदान पडला. हायलाइट्स बघू नका. त्यात फक्त शेवट असतो, आणि माणूस कळतो तो चौथ्या-पाचव्या राउंडला, समोरचा उत्तर देत असताना.

अलीसाठी सगळे 1966 ची क्लीव्हलंड विल्यम्सची लढत लावतात. दिसायला अप्रतिम आहे. पण विल्यम्सला दोन वर्षं आधी पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड काढलं होतं. उभ्या पुतळ्यावर पायाचं काम छानच दिसणार. त्याऐवजी 1964 ची लिस्टनची बघा. लिस्टनचा रीच (हातांचा पल्ला) 84 इंच, अलीपेक्षा जास्त, तरी त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सारखा तोकडा पडतो, कारण अली प्रत्येक वेळी डावीकडे निसटतो. मग 1963 ची हेन्री कूपरची, चौथ्या राउंडचे शेवटचे सेकंद. मग 1971 ची फ्रेझियरची, पूर्ण पंधरा.

कूपर आणि फ्रेझियर पाठोपाठ बघितलेत की एक गोष्ट डोळ्यात भरेल. अली हात खाली ठेवतो आणि ठोसा चुकवायला डोकं सरळ मागे नेतो. सरळ ठोसा त्याने चुकतो. हुक बाजूने वळून येतो, त्याला मागे जाण्याने काही फरक पडत नाही. 1962 ला सनी बँक्स, 1963 ला कूपर, 1971 ला फ्रेझियर. तिघांनी अलीला पाडलं आणि तिघांचाही डावा हुकच. टायसनच्या वकिलाने हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहावं. दुसरं, अली पोटात जवळजवळ मारतच नाही. म्हणजे वाकून आत शिरणाऱ्याला बरगड्यांचा दंड भरावा लागत नाही.

आता टायसन. स्पिंक्सचे 91 सेकंद बाजूला ठेवा, त्यातून कळतं ते स्पिंक्स घाबरला होता एवढंच. 1987 ची टोनी टकरची लढत लावा. टकर 6 फूट 5 इंच, पहिल्याच राउंडला त्याच्या खालून वर येणाऱ्या अपरकटने टायसनची हनुवटी वर जाते. मग मार्च 1987 ची जेम्स 'बोनक्रशर' स्मिथची. कंटाळवाणी आहे, पण बघाच. स्मिथ बारा राउंड नुसता मिठी मारून बसला. हरला दणकून, पण उभा राहिला. मिठीत टायसनचा मोकळा हात काम करत नाही, तो रेफरीने सोडवायची वाट बघतो. मग 1990 चं टोकियो, जिथे तो डग्लसकडून हरला. डग्लस जॅब मारतो, मागोमाग उजवा, आणि टायसन आत आला की धरून ठेवतो. पण तो टायसन आपल्या 1988 च्या खिडकीबाहेरचा आहे, त्यामुळे अर्धाच पुरावा धरा.

आणि हा तुकडा जोडा: जानेवारी 1974, अली-फ्रेझियर दुसरी लढत, बारा राउंड. फ्रेझियर आत शिरला की अली डावा ग्लोव्ह त्याच्या मानेमागे टाकून डोकं खाली ओढतो, राउंडमागून राउंड. आत शिरणाऱ्या बुटक्या माणसावरचा तोडगा त्याने तिथे शोधला. प्रश्न एवढाच की 1967 च्या अलीला तो माहीत होता का. फ्रेझियरच अजून भेटला नव्हता. तारखा कडक ठेवणार असाल तर हे हत्यार त्याला देता येत नाही.

माझं मत: पहिले चार राउंड टायसनचे, त्यात अली एकदा पडतो. सहाव्यानंतर टायसनच्या साखळ्या तुटतात. अली गुणांवर, पण आरामात नाही.

बरगडीवर_उजवा

मास्तर, अली-टायसन तुमचं तुम्हाला लखलाभ, मी टायसनवाला. 1967 पर्यंत अलीने सहा ठोशांची साखळी घेऊन आत येणारा माणूस पाहिलाच नव्हता. लिस्टन, टेरेल, फॉली, सगळे उभे राहून लढणारे. तुम्हीच मानेवरची पकड काढून घेतलीत, मग सहाव्या राउंडपर्यंत तो पोहोचतो कसा?

बाकीच्यांच्या लढती पटकन सांगतो. लुई: श्मेलिंगशी 1936 आणि 1938, शिवाय कॉन. 1936 ला बघा, जॅब मारून परत येताना डावा हात खाली पडतो आणि त्यावरून श्मेलिंगचा उजवा येतो. फोरमन: 1973 चा फ्रेझियर, 1976 चा लाइल, 1977 चा जिमी यंग. लेनॉक्स लुईस: 2000 चा टुआ, 2001 चा रहमान, 2003 चा क्लिचको. यातली टुआची टायसनच्या वकिलाने झोप उडवून बघावी. 5 फूट 10 इंचाचा डाव्या हुकवाला बारा राउंड जॅबच्या टोकावर टांगलेला आहे. 2002 ची लुईस-टायसन पुरावा म्हणून नको, त्यात 1988 चा टायसन कुठेच नाही.

तिरकस

प्रत्यक्षात झालेल्या लढतीच सगळ्यात जास्त फसवतात. लुई-मार्सियानो 1951, लुई 37 वर्षांचा. होम्स-अली 1980, अली 38 चा. टायसन-होम्स 1988, होम्स 38 चा. तिन्हीत पिढी जिंकली, माणूस नाही. यातला एकही निकाल पुरावा म्हणून घेऊ नका.

तसंच "अ ने ब ला हरवलं, ब ने क ला" हे गणित. फ्रेझियरने अलीला, फोरमनने फ्रेझियरला दोन राउंडमध्ये, अलीने फोरमनला. नॉर्टनने अलीला तीन लढतींत 39 राउंड छळलं आणि फोरमनपुढे दोन राउंड टिकला नाही. शैली शैलीला खाते.

वजनाबद्दल: डेम्प्सी 187 पौंड, म्हणजे 85 किलो. विलर्ड 245, म्हणजे 111. निकाल वर आलाच आहे. मे 2024 ला उसिक 101 किलोच्या आसपास आणि फ्युरी जवळपास 119, जिंकला उसिक. म्हणून नुसता काटा बघू नका, वजन वापरता येतं का ते बघा. विलर्डला येत नव्हतं. लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिचको, दोघेही इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखालचे, त्यांना येत होतं: लांब जॅब, समोरचा आत आला की मिठी, आणि मिठीत सगळा भार त्याच्या मानेवर. 85 किलोच्या माणसाने 110 किलो मानेवर घेऊन आठ राउंड काढायचे म्हणजे पाय संपले. डेम्प्सी आणि मार्सियानो आज 200 पौंडांच्या आतल्या क्रूझरवेट गटात लढले असते. त्यांच्या वकिलांनी लेनॉक्स लुईसची चिठ्ठी निघू नये म्हणून नवस बोलावा.

एक बारीक सूचना. मूकपटाच्या काळातल्या फिल्म अनेकदा मूळ वेगापेक्षा जोरात चालवलेल्या असतात, माणसं कोंबड्यांसारखी टुणटुण उडतात. यूट्यूबवर वेग 0.75 करून बघा, डेम्प्सीचं खांद्याचं काम मग कळतं.

संगणकाकडे मात्र जाऊ नका. 1967 च्या काल्पनिक संगणकी रेडिओ स्पर्धेत अली जुन्या काळच्या जिम जेफ्रिजकडून हरला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. मग ती स्पर्धा भरवणाऱ्यांनीच अली आणि मार्सियानोला प्रत्यक्ष रिंगमध्ये उभं करून चित्रण केलं. जानेवारी 1970 ला अमेरिकेत दाखवलं त्यात तेराव्या राउंडला मार्सियानो जिंकला, युरोपात दाखवलं त्यात अली. एकाच यंत्राचे दोन निकाल!

डावखुरा

उसिकबद्दल कोणी बोलेना म्हणून. तो साउथपॉ आहे, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून लढणारा डावखुरा, आणि तुमच्या यादीतल्या जुन्या मंडळींना त्याची सवयच नाही. हेवीवेटचा पहिला साउथपॉ विजेता मायकेल मूरर, तोही थेट 1994 मध्ये. सप्टेंबर 1966 ला फ्रँकफर्टमध्ये अली कार्ल मिल्डेनबर्गरशी लढला ते बघा. बाराव्यात संपवलं, पण त्याआधी डाव्या हाताचे ठोसे पोटात खाताना ऐन भरातला अली गोंधळलेला दिसतो. मिल्डेनबर्गरपेक्षा उसिक फार वरचा.

बघताना ठोसे सोडा, पाय बघा. उसिकचा पुढचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडतो का? पडला की डाव्या हाताची वाट मोकळी. 2021 च्या जोशुआच्या लढतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं. उलट बाजूसाठी 2020 ची चिसोराची बघा, सुरुवातीचे राउंड चिसोरा त्याला दोरांकडे रेटतो. मार्सियानोच्या वकिलाला आशा असेल तर तिथेच.

पिंपळपार

सगळ्यांचे आभार. ठरलं: पंधरा राउंड, 8 औंस, न्यूट्रल कॉर्नर सक्तीचा, तारखा कडक. मानेवरची पकड अलीला नाही. प्रत्येक वकिलाने आधी "माझा माणूस कसा जिंकतो" हे राउंडवार लिहून द्यायचं, मत नंतर. काही राहिलं का?

जॅबमास्तर

रेफरी राहिला! पकड काढलीत तरी साधी मिठी उरतेच, आणि अली-टायसन त्यावरच ठरणार. 1974 ला टोनी पेरेझ होता, त्याने अलीला मनसोक्त धरू दिलं. (त्याच लढतीत घंटा झाली असं समजून त्याने दुसरा राउंडही आधीच थांबवला होता.) 1987 ला स्मिथ-टायसनला मिल्स लेन होता, त्याने धरून ठेवल्याबद्दल स्मिथचे दोनदा गुण कापले. 1997 ला त्याच लेनने अकिनवांडेला लेनॉक्स लुईसला सारखा धरतो म्हणून थेट बाद केलं. पेरेझ घेतलात तर माझं मत वर दिलंय तेच.

बरगडीवर_उजवा

आणि लेन घेतलात तर टायसन, आठव्याच्या आत. रेफरीचीही चिठ्ठी टाका, वकील ठरायच्या आधी.