शब्दचर्चा : परिपथ ‘बंद’ केला की दिवा कसा लागतो?

पाटीपेन्सिल
चौथीच्या मुलांकडून सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब यांचा प्रयोग करून घ्यायचा आहे. पुस्तकी भाषेत ‘परिपथ बंद असेल तर दिवा लागतो, खुला असेल तर लागत नाही’. घरात मात्र ‘लाइट बंद कर’ म्हणजे दिवा घालव. ‘बंद परिपथ’ म्हटलं की मुलं अंधारच धरून चालतात. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय सेल, बॅटरी, घट यांतलं काय वापरावं?

वीजतंत्री
मुलं बरोबरच ऐकतात. ‘बंद’ला मराठीत दोन अर्थ आहेत. दिवा बंद, गिरणी बंद, दुकान बंद : इथे काम थांबलंय. झाकण बंद, भूमितीतली बंद आकृती : इथे कुठे फट राहिलेली नाही. परिपथाचा ‘बंद’ या दुसऱ्या घरातला. सगळ्यात जास्त घोळ बटणापाशी होतो. बोलताना ‘बटण बंद’ म्हणजे दिवा विझलेला, पुस्तकात ‘कळ बंद’ म्हणजे दिवा लागलेला. एकाच वस्तूबद्दल नेमका उलटा अर्थ.

चौथीत ‘पूर्ण परिपथ’ आणि ‘तुटलेला परिपथ’ म्हणा. दिवा ‘लागला’ किंवा ‘विझला’, बटण ‘जोडलं’ किंवा ‘सोडलं’. प्रयोग चालू असताना ‘चालू-बंद’ ही जोडी वापरूच नका.

ओहम
‘पूर्ण’ला माझंही मत. पण ‘बंद’ पुढे परीक्षेत येणारच, तेव्हा तो त्याच दिवशी, दिवा लागल्यानंतर सांगावा. सेलच्या टोपीवर बोट ठेवायचं, वायरवरून, बल्बमधून, दुसऱ्या वायरवरून फिरवत सेलच्या सपाट तळाशी आणायचं. बोट कुठेही न उचलता पोचलं, तर वाट बंद. उचलावं लागलं, तर खुली.

हे बोट हमखास बल्बपाशी अडतं. मुलांना वाटतं, बल्बला एकच टोक, तळाचं. प्रत्यक्षात दोन असतात : तळाचा डाकाचा ठिपका आणि बाजूची आट्यांची पितळी कडी. मधली काळी चकती त्यांना वेगळं ठेवते. आतल्या बारीक तारेचं एक टोक ठिपक्याला, दुसरं कडीला जोडलेलं असतं. म्हणून दोन्ही वायरी ठिपक्याला लावल्या किंवा दोन्ही कडीला लावल्या, तर दिवा लागत नाही. भिंग देऊन हे दाखवा आणि बल्बचं चित्र मोठं काढून घ्या. अर्धा तास इथेच गेला तरी चालेल, परिपथ म्हणजे काय ते इथेच कळतं.

वीजतंत्री
बोटाची युक्ती मान्य.

साहित्याचं सांगतो. एका गटाला १.५ व्होल्टचे दोन सेल, २.५ व्होल्टचा टॉर्चचा बल्ब, साधारण २० सेंटिमीटरच्या दोन-तीन वायरी. प्रत्येक वायरचं टोक दीड-दोन सेंटिमीटर सोलून तारा पिळून घ्या. वायर बोटाने दाबून धरण्यापेक्षा सेलवर लांबीच्या दिशेने रुंद रबरबँड चढवून त्याखाली खोचली की हात मोकळे राहतात. एका सेलवर हा बल्ब मंद लागतो, दोनांवर नीट. तो फरक मुलांना मुद्दाम बघू द्या.

न लागण्याची कारणं बहुतेक वेळा हीच : चिकटपट्टी सेलचं टोक आणि वायर यांच्या मध्ये गेली; दोन सेल टोपीला टोपी लावून ठेवले, त्यामुळे दोघांचे व्होल्ट एकमेकांना खोडतात; बल्ब होल्डरमध्ये पुरता फिरवलेला नाही, ठिपका खाली टेकतच नाही; मोटार वाइंडिंगची तांब्याची तार घेतली, तिच्यावर वॉर्निशचा थर असतो, तो पॉलिशपेपरने घासावा लागतो.

पाटीपेन्सिल
पुठ्ठ्यावर दोन पिना आणि कागदाची क्लिप, असं बटण करणार आहे. चालेल?

वीजतंत्री
चालेल, पिना धातूच्या डोक्याच्या आणि क्लिप उघड्या धातूची हवी. रंगीत प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली क्लिप दोन्ही पिनांना टेकली तरी दिवा लागत नाही.

सर_आणि_माळ
सेल-बॅटरीबद्दल. बोलीत ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च (‘बॅटरी मार जरा तिकडे’), मोबाइलमधली ती बॅटरी आणि पेन्सिल सेललाही बॅटरी. शास्त्रात एकटा तो सेल किंवा विद्युतघट, एकापेक्षा जास्त जोडले की बॅटरी. हा शब्द १८व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लायडन बरण्यांच्या (वीज साठवायच्या काचेच्या बरण्यांच्या) संचाला लावला, तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणतात त्यावरून. म्हणजे अनेकपण शब्दातच आहे. चौकोनी ९ व्होल्टची मिळते ती खरी बॅटरी, आत १.५ व्होल्टचे सहा घट असतात. तिला २.५ व्होल्टचा बल्ब लावू नका, लगेच उडेल.

वर्गात ‘सेल’ म्हणा. टॉर्चला ‘विजेरी’ हा सुंदर शब्द आहेच, तो वापरला की ‘बॅटरी’ मोकळी होते. ‘घट’ फळ्यावर एकदा लिहा, पण नवरात्रातला घट आधी आठवणार हे धरून चाला.

पाटीपेन्सिल
एकसर आणि समांतर?

सर_आणि_माळ
‘एकसर’ फोडून सांगा : एक सर, मोत्यांचा असतो तसा. एका सरात दोन बल्ब ओवले की दोन्ही मंद, आणि एक काढला की दुसराही विझतो, कारण वाट एकच होती. गणपतीच्या जुन्या लुकलुकत्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी ओळ जायची, ते यामुळेच. समांतर जोडणीत प्रत्येक बल्बला सेलपर्यंत स्वतःची वाट, म्हणून दोन्ही जवळपास पूर्ण तेजाने लागतात आणि एक काढला तरी दुसरा राहतो. घरातले दिवे-पंखे असेच जोडलेले असतात. मात्र समांतरमध्ये सेल लवकर उतरतात, हेही सांगा.

ओहम
आणखी दोन शब्द सांभाळा. ‘वाहक’ म्हटलं की एसटीचा वाहक डोळ्यांपुढे येतो, तो अडथळा नाही, ‘वाहून नेणारा’ हा अर्थ दोन्हीकडे तोच. पण ‘रोधक’ आणि ‘रोध’ यांची सरमिसळ होते. रोधक म्हणजे वीज जवळजवळ जाऊच न देणारा पदार्थ : प्लॅस्टिक, रबर, कोरडं लाकूड. रोध हा अडथळ्याचा गुण, तो तारेतही थोडा असतोच. पेन्सिलीचं शिसं परिपथात घाला. दिवा लागतो, पण मंद, आणि शिशाची लांबी वाढवली की आणखी मंद. रोध तिथे डोळ्यांना दिसतो.

दुसरा ‘शॉर्टसर्किट’. बातम्यांमुळे मुलांना तो आगीचाच शब्द वाटतो. अर्थ इतकाच की विजेला दिवा टाळून जाणारी सोपी वाट मिळाली. नुसती वायर सेलच्या दोन्ही टोकांना लावली की दिवा नाहीच, उलट वायर आणि सेल तापतात, बोट पोळू शकतं, सेल झपाट्याने उतरतो. गरम लागलं की लगेच सोडायचं, हा नियम आधी सांगा.

वीजतंत्री
बल्बऐवजी एलईडी घेणार असाल तर : लांब पाय टोपीच्या बाजूला, उलटा लावला तर लागत नाही. एका सेलवर लाल एलईडीही लागत नाही, त्याला २ व्होल्टच्या आसपास लागतात. दोन सेल एकसर आणि सोबत १०० ओहमचा रोधक घ्या.

पाटीपेन्सिल
‘१०० ओहमचा रोधक’? आत्ताच ओहम यांनी रोधक म्हणजे प्लॅस्टिक-रबर सांगितलं ना?

ओहम
बरोबर पकडलंत. तो म्हणजे ठरावीक रोध असलेला छोटा सुटा भाग, आणि ओहम हे रोध मोजायचं एकक. बाजारात त्या भागाला रेझिस्टन्स म्हणतात, वर्गात ‘रेझिस्टर’ म्हणा. प्लॅस्टिक-रबराला ‘विद्युतरोधक’ असा पूर्ण शब्द ठेवा.

वीजतंत्री
हो, रेझिस्टरच म्हणू या. आणि भिंतीतल्या सॉकेटला २३० व्होल्ट असतात. तिथे यातलं काहीही लावायचं नाही, हे वाक्य वायरी हातात देण्याआधी मुलांकडून म्हणवून घ्या.