मार्कडाउनवरून शेतकरी गटाची साइट: ह्यूगो घ्यावं का, आणि मराठी मजकुरात काय अडतं?

हळदकंद (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाची साधी साइट करायची आहे. गटाची ओळख, वायगाव हळद आणि तूरडाळीचे भाव, संपर्क, अधूनमधून एखादी सूचना. पंधरा-वीस पानांच्या वर काही जात नाही. वर्डप्रेस नको, होस्टिंगचे पैसे भरा, वर प्लगइन अपडेट करत बसा, एवढा वेळ कोणाजवळ आहे? लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, विंडोज १०, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मार्कडाउन (साध्या खुणा देऊन लिहिलेला मजकूर) मधून साइट तयार करणाऱ्या प्रोग्रॅमपैकी जेकिल घ्यावं की ह्यूगो?

ह्यूगोवर दोन पानं करून पाहिली, तिथं तीन गोष्टी अडल्या:
(१) आजची तारीख आणि सकाळी ९ ची वेळ टाकलेलं भावाचं पान साइटवर येतच नाही, एररही दाखवत नाही.
(२) "१. २. ३." असे आकडे टाकलेली यादी एकाच परिच्छेदात चिकटते.
(३) लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची माळच दिसते.

टर्मिनल_वर्धा

ह्यूगोच ठेवा. जेकिलसाठी आधी रुबी ही प्रोग्रॅमिंग भाषा बसवा, मग तिची जेम्स (जोड-पॅकेजं) उतरवा; हॉटस्पॉटवर ते परवडत नाही. ह्यूगो म्हणजे एकच प्रोग्रॅम फाइल, वीस पानं एका सेकंदाच्या आत तयार होतात. घेताना 'एक्स्टेंडेड' आवृत्ती घ्या, बऱ्याच थीमना (साइटच्या तयार रंग-रचनांना) तीच लागते. एकदा उतरवलं की 'ह्यूगो सर्व्हर' चालवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे आपल्याच लॅपटॉपच्या) १३१३ पोर्टवर सगळं नेटशिवाय पाहता येतं. (आज्ञा इथं देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आता तुमच्या तीन गोष्टी.

भावाचं पान: पानाच्या डोक्यावर जी वेळ लिहिली तिला टाइमझोन दिला नसेल, तर ह्यूगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो. सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे २:३०. तोवर ते पान त्याच्या लेखी भविष्यातलं, आणि भविष्यातली पानं तो गुपचूप गाळतो. बरं, २:३० वाजले म्हणून ते आपोआप साइटवर येईल असंही नाही. पुन्हा बिल्ड करेपर्यंत, म्हणजे ह्यूगोकडून साइट नव्यानं तयार करून घेईपर्यंत, ती होती तशीच राहते. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलीत) 'टाइमझोन' या नावापुढे 'एशिया/कोलकाता' लिहा, किंवा वेळेच्या शेवटी +०५:३० जोडा. नुसती तारीख लिहिली तर ती पहाटे ५:३० ची धरली जाते, म्हणून दिवसा अडत नाही. तरी पान दिसलं नाही तर पानाच्या डोक्यावर 'ड्राफ्ट' (कच्चा मसुदा) ट्रू राहिलंय का ते बघा.

यादी: मार्कडाउनला क्रमांकाच्या यादीसाठी इंग्रजी आकडेच कळतात. आपला '१.' त्याच्या दृष्टीनं साधं अक्षर. फाइलीत इंग्रजी आकडे टाका आणि पानावर मराठी हवे असतील तर सीएसएसमध्ये (रंग-रचनेच्या फाइलीत) यादीचा 'लिस्ट-स्टाइल-टाइप' देवनागरी करा. याची उलटी बाजूही आहे: परिच्छेदाच्या सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत साल, पुढे टिंब आणि जागा आली, तर त्या सालापासूनच यादी सुरू होते. तिथं टिंबाआधी बॅकस्लॅश (\) द्या.

लिंक: देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, आणि लिंकमध्ये एकेक बाइट टक्का अधिक दोन खुणा असा उतरतो. 'हळदभाव' एवढ्याच शब्दाच्या ५४ खुणा होतात. फाइलीचं नाव इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये हायफन देऊन ठेवा. टायटल खुशाल मराठीत.

टायटलवरून आठवलं, 'वायगाव हळद: आजचा भाव' असं कोलन (:) असलेलं टायटल अवतरणात टाका. नाहीतर तिथंच बिल्ड अडतो.

पराटीवाला (यवतमाळ)

वरच्या भाऊनं सांगितलं ते बरोबर, पण मराठीत ठळक अक्षरांची भानगड राहिली. शब्दाला लगेच प्रत्यय लागतो ना आपल्याकडे, तिथं ठळक करायला अंडरस्कोर (_) चालत नाही. 'हळदी'च्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर देऊन पुढे 'ला' चिकटवला तर अंडरस्कोर तसेच छापून येतात. तारे (*) वापरा. अन् ताऱ्यांच्या आत शेवटी कंस किंवा अवतरण आलं अन् बाहेर 'ला', 'चा' लागला, तर तारेही उघडे पडतात. असं काहून होते? विरामचिन्हामागे तारे अन् पुढे लगेच अक्षर आलं, की ते तारे बंद करायचे आहेत हे मार्कडाउन मानत नाही. कंस ताऱ्यांच्या बाहेर काढा, झालं.

जुनी माहितीपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का पाहा. 'एएनएसआय' राहिलं तर सगळी प्रश्नचिन्हं होतात अन् ती मागे फिरवता येत नाहीत. वेगळा वेबफॉन्ट मात्र लावू नका. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, गावातल्या नेटवर कशाले भार?

पत्त्याच्या ओळी एकाखाली एक हव्या असतील तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या.

हळदकंद

तिन्ही सुटलं, आभार. आता थीमचा झिप 'थीम्स' फोल्डरमध्ये उघडला तर 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणतो. आणि साइट फुकटात चढवायची कुठं?

टर्मिनल_वर्धा

गिटहबवरून (प्रोग्रॅमच्या फाइली ठेवायच्या साइटवरून) झिप घेतला की फोल्डरच्या नावामागे बहुतेक 'हायफन मेन' लागलेलं असतं. ते काढा, आणि कॉन्फिगमधलं थीमचं नाव फोल्डरशी अक्षर न् अक्षर जुळवा.

चढवायला गिट (फाइलींचे बदल नोंदवायचं साधन) शिकायचं नसेल तर नेटलिफाय या होस्टिंगच्या साइटवर खातं काढा आणि 'पब्लिक' फोल्डर (ह्यूगो तयार साइट यातच ठेवतो) ब्राउझरमध्ये ओढून टाका. दर वेळी बिल्डच्या आधी जुना 'पब्लिक' फोल्डर उडवा. ह्यूगो तो स्वतः साफ करत नाही, त्यामुळे काढून टाकलेलं पान आणि मागचा भाव तिथंच पडून राहतात. गिट शिकायची हौस असेल तर गिटहब पेजेस, म्हणजे गिटहबचीच होस्टिंगची सोय. तिथं साइटची मर्यादा १ जीबी आहे, तुम्हाला भरपूर. पण तिथली प्रोजेक्ट साइट उपफोल्डरात बसते, म्हणून स्लॅशनं सुरू होणारे फोटोचे पत्ते तुटतात.

दोन्हीकडे कॉन्फिगमधला 'बेसयूआरएल' (साइटचा मूळ पत्ता) तुमच्या खऱ्या पत्त्याचा करा. नव्या साइटमध्ये तिथं नमुन्याचा पत्ता असतो, आणि तो तसाच राहिला तर बऱ्याच थीममध्ये रंग-रचना गायब होऊन नुसता मजकूर दिसतो.

पराटीवाला (यवतमाळ)

फोटोचं राहिलंच. मोबाइलचा ४ एमबीचा फोटो तसाच टाकू नका; रुंदी १२०० पिक्सेल करा, २०० केबीच्या आत बसवा. अन् फाइलीचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये आहे का स्मॉलमध्ये, ते पानात लिहिलेल्याशी जुळवा. विंडोज दोन्ही एकच समजते, सर्व्हर समजत नाही. घरी दिसणारा हळदीचा फोटो साइटवर दिसला नाही, तर पहिले हेच पाहा.