विद्यार्थ्यांनी काढलेल्या जुन्या चित्रफिती कोकणच्या दमट हवेत कशा जपाव्यात?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे. १९८९ ते २००४ या काळात आमच्याकडे विद्यार्थ्यांचे एक चित्रमंडळ होते आणि त्याचा सारा भार माझे एक सहकारी वाहत असत. त्याआधी त्यांनी स्वतःच्या सुपर एट (आठ मिलिमीटर रुंद सिनेफितीच्या) कॅमेऱ्यावरही काही चित्रण केले होते. गेल्या वर्षी ते वारले. माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक त्यांच्या मुलीने माझ्या स्वाधीन केली. तिच्यात सहा सुपर एट रिळे, एकतीस व्हीएचएस कॅसेट आणि नऊ मिनी डीव्ही कॅसेट आहेत.

यांपैकी बऱ्याच चित्रफिती मुलांनी काढताना मी स्वतः पाहिलेल्या आहेत, म्हणून त्यांचे मोल मला ठाऊक आहे. एकीत दाभोळ खाडी ओलांडणारी 'तर', म्हणजे वल्ह्यांची होडी, आहे. आज दाभोळ–धोपावे फेरीबोटीत गाडीसकट पलीकडे जाता येते, त्यामुळे होडीत चढताना वल्ह्याच्या अंदाजाने पाय कसा टाकायचा हे आताच्या मुलांनी पाहिलेलेच नाही. दुसरी एका विद्यार्थिनीने आपल्या आजीवर काढलेली आहे. आजी अंगणात रातांबे (कोकमाची फळे) फोडत बसली आहे, लाल रस कोपरापर्यंत ओघळला आहे, वर आभाळ भरून आले आहे आणि वाळत घातलेली सोले आत घ्या म्हणून ती नातवंडांना ज्या बोलीत हाका मारते आहे, ती बोली आज त्या वाडीत ऐकू येत नाही.

अडचण अशी की ट्रंक उघडताच आंबूस वास आला. दोन रिळांना तो जास्त आहे. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर काहींच्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. घाईने मी एक कॅसेट एका व्हिडिओ दुकानात दिली. तिथल्या यंत्रात फीत अडकली आणि चुरगळली. त्यानंतर मी कशालाही हात लावलेला नाही. आधी काय करावे, हे सारे ठेवावे कुठे, आणि लोकांना दाखवायचे झाल्यास परवानगी कोणाची घ्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रीळघर (पुणे)

ताई, आपण हात लावणे थांबवलेत हे फार चांगले केलेत. चित्रपटांची रिळे स्वच्छ करणे आणि दुरुस्त करणे हे माझे बरीच वर्षे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आंबूस वास हा अॅसिटेट फितीचा रोग आहे. दमट आणि उष्ण हवेत फितीच्या पायाचे विघटन सुरू होते, त्यातून अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, बाहेर पडते आणि तेच आम्ल पुढचे विघटन आणखी वेगाने घडवते. त्यामुळे एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबत नाही. थंड आणि कोरड्या जागी ती फक्त मंदावते. आम्लाची वाफ शेजारच्या निरोगी रिळांनाही बाधते, म्हणून ती दोन रिळे आजच वेगळी काढा. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात न कोंडता ती कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवा खेळेल अशा खोलीत ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर मात्र कोणतेही रीळ चढवू नका. अशी फीत आक्रसते, तिच्या कडेची भोके यंत्राच्या दात्यांशी जुळेनाशी होतात आणि पहिल्याच फेरीत ती फाटते. दात्यांशिवाय फीत पुढे सरकवणारी स्कॅनिंग यंत्रे असतात, काम त्यांच्यावरच करून घ्यावे. पन्नास फुटांचे सुपर एट रीळ सेकंदाला अठरा चौकटींच्या वेगाने जेमतेम तीन मिनिटे वीस सेकंद चालते, म्हणजे छोटी रिळे असतील तर आपल्या सहांचा एकूण ऐवज वीस मिनिटांचाच आहे. सर्वांत आधी पैसे खर्च करायचे ते या वीस मिनिटांवर.

कॅसेटवरची पांढरी भुकटी ही बुरशी आहे. बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घातली की ती यंत्राच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) पसरते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ज्यांच्यावर भुकटी दिसते त्या बाजूला काढा, कोरड्या हवेत ठेवा आणि साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या. तीही घराबाहेर, तोंडाला मास्क लावून. बुरशी दिसत नसली तरी दुसरा धोका असतोच: फितीवरचे चुंबकीय कण ज्या चिकट थराने धरून ठेवलेले असतात, तो थर वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून मऊ पडतो. साठवणीच्या जागेची आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी असे मानतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ९० च्या आसपास असते. म्हणून माळा नको, समुद्राकडची भिंत नको, जमिनीलगतचे कपाटही नको. निरोगी कॅसेट उभ्या ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि श्रावणात एकदा त्या पुड्या बदला.

मिनी डीव्हीचे काम त्यामानाने सोपे आहे. त्यांच्यावरची नोंद आधीच डिजिटल आहे, त्यामुळे पडद्यावर चालवून पुन्हा चित्रण करायचे नाही. फायरवायर जोडणी असलेल्या जुन्या संगणकावर ती जशीच्या तशी उतरवायची. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. व्हीएचएससाठी कोणतीही माहिती न गाळणारे स्वरूप निवडा. मॅट्रोस्का फाइलमधले एफएफव्ही१ हे आज संग्रहालयेही वापरतात. त्याला तासाला ३० ते ४५ जीबी लागतात, पण मूळ प्रत अशीच हवी. मोबाइलवर पाहायला त्यावरून एमपी४ प्रत कितीही वेळा काढता येते. एमपी४ वरून मूळ पुन्हा मिळत नाही. आणि डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट किंवा रीळ टाकून देऊ नका, उद्याचे यंत्र त्याच फितीतून अधिक काही वाचू शकेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

रीळघर यांनी लिहिलेल्यात मी एकच भर घालतो, पण ती मनापासून घालतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. मूळ कॅसेट खालच्या कपाटात होत्या, त्यांच्यावरून केलेल्या डीव्हीडीही त्याच कपाटात होत्या आणि ज्या हार्ड डिस्कवर सगळे साठवले होते ती शेजारच्या टेबलावर होती. पाणी ओसरल्यावर मी एक कॅसेट उघडली तेव्हा आतल्या चकत्यांवर वाशिष्ठीचा बारीक गाळ सायीसारखा बसलेला होता. तीन प्रती असूनही माझ्याकडे एकही राहिली नाही, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. आमच्या गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे, १८६४ पासूनच्या ग्रंथालयाचे, पुरात काय झाले हे चिपळूणकर विसरलेले नाहीत.

तेव्हा तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर करा, आणि त्यांतली एक कोकणाबाहेर, पुण्याला किंवा कोल्हापूरला नातेवाइकांकडे ठेवा. जून उजाडायच्या आत.

देवबागचा वारा (मालवण)

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर दशावताराच्या नोंदी करतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज आहे. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. एकतीस कॅसेटमध्ये स्नेहसंमेलने, सत्कार, क्रीडादिन असे बरेच असणार. या सगळ्याला इतकी जागा आणि इतके श्रम खर्च करण्यापेक्षा पाच-सात उत्तम चित्रफिती निवडून त्या नीट केल्या आणि यूट्यूबवर टाकल्या, तर अधिक लोकांपर्यंत पोहोचणार नाहीत का?

रीळघर (पुणे)

शंका रास्त आहे, तरीही मी याच्याशी सहमत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले आणि त्याचे संग्रहपाल पी. के. नायर यांनी चांगला-वाईट असा निवाडा न करता मिळेल ते गोळा केले, म्हणून आज आपण बरेच काही पाहू शकतो. मूकपटांच्या काळात भारतात १३०० हून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले तीसच्या आसपास उरले आहेत आणि तेही बरेचसे तुकड्यांत. जे गेले ते कोणीतरी 'याला काय ठेवायचे' असे म्हटल्यामुळेही गेले. क्रीडादिनाच्या कॅसेटमध्ये मागे उभी असलेली शाळेची कौलारू इमारत, मुलींच्या गणवेशाचा बदललेला रंग, सूत्रसंचालकाच्या तोंडची बोली, यांतले कशाला महत्त्व येईल हे आज आपण ठरवू शकत नाही.

खर्चाचा हिशेबही वाटतो तितका मोठा नाही. एकतीस कॅसेटमध्ये प्रत्यक्ष चित्रण चाळीस तासांचे धरले तर दीड टीबीच्या आसपास जागा लागेल, म्हणजे दोन टीबीच्या एका डिस्कवर ते मावेल. अवघड आहे ते यंत्र मिळवणे. व्हीएचएसची यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हापासून जी चालू आहेत तीच वापरायची. यूट्यूबला माझा विरोध नाही. मात्र तिथे चढवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि खाते बंद पडले तर तीही जाते. ती दाखवण्याची जागा आहे, ठेवण्याची नव्हे.

एक काम मात्र यंत्राची वाट न पाहता आजच सुरू करावे. ताईंच्या आठवणीत जे आहे ते लिहून काढावे. गाव कोणते, वाडी कोणती, ऋतू कोणता, कॅमेरा कोणाच्या हातात होता, पडद्यावर कोण आहे, नमन-खेळ्यांचे मृदंग वाजवणारा कोण, ही माहिती फितीवर कुठेच नसते. फीत पाच वर्षे आणखी टिकू शकेल; पण जाणणारी माणसे ज्या क्रमाने जात आहेत, त्याला सिलिका जेलचा इलाज नाही. प्रत्येक कॅसेटला एक क्रमांक द्या, तोच क्रमांक डब्यावर, वहीत आणि फाइलच्या नावात घाला, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम काढून वहीत नोंदवा. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ठसा-संख्या. वर्षाने ती पुन्हा काढून पाहिली आणि जुळली नाही, तर ती प्रत कुठेतरी बिघडली आहे हे लगेच कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

सहाणेवरून (अलिबाग)

परवानगीबद्दल थोडे. मी वकिली करतो, पण हा सल्ला सर्वसाधारण समजावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, म्हणजेच तो काढण्यासाठी पुढाकार घेणारी आणि जबाबदारी उचलणारी व्यक्ती. प्रकाशित झालेल्या चित्रपटाचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालते. विद्यार्थ्यांच्या चित्रफितीत कॅमेरा संस्थेचा, कॅसेटचे पैसे मुलांचे आणि मार्गदर्शन शिक्षकांचे असते, त्यामुळे निर्माता कोण यावर वाद होऊ शकतो. वाद टाळण्याचा सोपा मार्ग असा की ज्यांची ज्यांची नावे शीर्षकात आहेत त्यांच्याकडून आणि संस्थेकडूनही एका पानाचे संमतिपत्र घ्यावे. त्यात जतनासाठी प्रत करणे, अभ्यासकांना जागेवर दाखवणे आणि इंटरनेटवर खुले करणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण पहिल्या दोन गोष्टींना आनंदाने हो म्हणणारा माणूस तिसरीला नाही म्हणू शकतो. आपल्या दिवंगत सहकाऱ्यांच्या सुपर एट रिळांचा हक्क त्यांच्या वारसांकडे जातो. ट्रंक हाती दिली म्हणजे हक्क दिला असे होत नाही, म्हणून त्यांच्या मुलीचेही पत्र घ्यावे.

त्या काळी मुले चित्रफितीला हमखास सिनेमाची गाणी लावत. ती गाणी असलेली फीत संग्रहात जशीच्या तशी राहू द्या, मात्र इंटरनेटवर टाकताना त्या गाण्यांचे हक्कदार हरकत घेतील हे धरून चाला. आणि ज्या चित्रीकरणात कोणाच्या घरचे दुःख किंवा देवळातला अंतर्गत वाद आला आहे, ते खुले करण्यापूर्वी त्या वाडीत जाऊन विचारावे. कायदा तसे सांगो न सांगो.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या दीड महिन्यात जे झाले ते कळवते.

दोन्ही आंबूस रिळे वेगळी केली आणि स्कॅनिंगसाठी पुण्याला पाठवली. सहकाऱ्यांच्या मुलीने संमतिपत्र लगेच दिले आणि सोबत वडिलांची एक वहीही दिली, जिच्यात सहापैकी चार रिळांच्या तारखा आहेत. नऊ मिनी डीव्ही एका माजी विद्यार्थ्याने आपल्या जुन्या कॅमेऱ्यावरून संगणकावर उतरवल्या. एक प्रत माझ्याकडे आहे, एक त्याच्याकडे पनवेलला आणि एक माझ्या बहिणीकडे कोल्हापूरला.

वहीचे काम मात्र मी एकटीने करायचे नाही असे ठरवले. ज्या वाडीचे चित्रण आहे त्या वाडीत लॅपटॉप घेऊन जाते आणि शाळेच्या पडवीत बसते. गेल्या रविवारी मिनी डीव्हीवरची शिमग्याची पालखी लावली तेव्हा सत्तरीच्या एका बाईंनी पडदा थांबवायला सांगितला, मागच्या रांगेतल्या एका मुलाकडे बोट दाखवले आणि त्याचे नाव, त्याच्या आईचे माहेर आणि तो मुंबईला कोणत्या साली गेला हे सांगितले. त्यांच्या बोलण्याचेही ध्वनिमुद्रण केले आहे, कारण नावे लिहून घेताना त्यांची बोली माझ्या लेखणीतून प्रमाण मराठी होऊन उतरते, हे माझ्याच लक्षात आले.

आता बुरशी नसलेल्या एकोणीस व्हीएचएस कॅसेट उरल्या आहेत आणि आजीची चित्रफीत त्यांच्यातच आहे. रत्नागिरी, चिपळूण किंवा दापोली परिसरात कोणाकडे चालू स्थितीतले, हेड स्वच्छ असलेले एस-व्हीएचएस (साध्या व्हीएचएस कॅसेटही चालवणारे, सुधारित) यंत्र असल्यास कृपया इथे कळवावे. मे महिन्याच्या आत काम संपवायचे आहे, मी यंत्र न्यायला आणि परत पोहोचवायला स्वतः येईन.