आईला सुपरनॅचरल दाखवायचंय, कोणते भाग लावू?

सिडकोतला_धाकटा

मंडळी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सध्या फिरणं बंद, देऊळ बंद, भाजीला जाणं बंद. टीव्हीवरच्या सासवा-सुनांना ती कंटाळली आहे. ‘यांच्यापेक्षा आमच्याकडची भुतं बरी होती’ असं परवा म्हणाली. लहानपण येवल्याकडच्या खेड्यात गेलेलं, त्यामुळे पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ हे तिला सख्ख्या नातेवाइकांसारखं माहीत.

म्हणून सहज सुपरनॅचरल, म्हणजे भुतांची शिकार करत फिरणाऱ्या डीन आणि सॅम या दोन भावांची अमेरिकन मालिका, तिचा पहिला भाग लावला. मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत गेलो. रस्त्यावर हात दाखवणारी पांढऱ्या कपड्यातली बाई आली तशी आई उठून बसली. ‘ही तर कसारा घाटातली! अमेरिकेत कधी गेली?’

आता रोज रात्री जेवण झालं की ‘तुझे ते दोघं भाऊ लाव’ अशी फर्माईश असते. पण हे पडले १५ सीझन आणि ३२७ भाग. कॉलेजला असताना मी पाचव्यापर्यंत पाहिलं होतं, आता निम्मं आठवत नाही. अटी अशा: गोष्ट एका भागात संपावी, आतडी-कोथळे कमी असावेत आणि देवदूतांची लांबलचक भाषणं नसावीत, कारण ती मराठीत सांगता सांगता माझाच जीव जातो. जाणकारांनी यादी द्यावी.

ओझरकर

पहिल्या सीझनचा आठवा, किड्यांचा भाग सोडा. मध्यरात्री घराला किडे वेढा घालतात आणि आपण पाणी पिऊन येईपर्यंत बाहेर उजाडलेलं असतं. तेराव्यातलं ट्रकचं भूत पण सोडलं तरी चालेल. बाकी पहिला सीझन डोळे झाकून लावा.

रामकुंडाशेजारी

नमस्कार. मी सगळे ३२७ पाहिलेत, काही भाग तर पाठ आहेत. आमचं पंचवटीत दुकान आहे, दर्भ, काळे तीळ, जव, मडकी, दहाव्या-बाराव्याचं सगळं सामान. दिवसभर गिऱ्हाईक कोण असतं ते सांगायला नको. रात्री शटर ओढल्यावर मी हे बघतो याचं घरच्यांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही.

माझं मत आधी सांगतो, मग यादी. ज्या भागात भुताला काहीतरी हवंय तो भाग चांगला. ज्या भागात सगळं जग बुडणार आहे तो भाग मला साधारण वाटतो. लोक उलटं सांगतील, सांगू देत. पण काकूंना मुंजा माहीत आहे, म्हणजे त्यांना हे आपोआप कळेल. मुंजा का असतो? मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, लग्न राहिलं. काहीतरी राहिलं म्हणून तो पिंपळावर राहिला. पहिल्या भागातली ती बाई घ्या. ती गाडीवाल्यांना घरी सोडायला सांगते, पण स्वतः घराच्या आत पाऊल टाकू शकत नाही, कारण तिने बुडवलेली पोरं आत वाट बघतायत. ही गोष्ट येवल्यातही तशीच्या तशी चालेल.

आता भाग.

पहिल्या सीझनमधला नववा, ‘होम’. दोघं भाऊ कॅन्ससमधल्या लॉरेन्सला आपल्या जुन्या घरी परत जातात, जिथे त्यांची आई छताला चिकटून जळाली होती. घरात दुसरंच कुटुंब राहायला आलेलं असतं. हा भाग आईसोबत बघा, जास्त काही सांगत नाही. मिसूरी नावाची एक बाई यात आहे, भूतभविष्य जाणणारी. ती डीनला दटावते तो भाग काकूंना आवडणार. अशी एक बाई प्रत्येक गल्लीत असते.

बारावा, ‘फेथ’. डीनच्या हृदयाला विजेचा झटका बसतो, डॉक्टर हात टेकतात आणि सॅम त्याला तंबूत बसून लोकांना बरं करणाऱ्या बाबाकडे नेतो. आपल्याकडे असल्या बाबांच्या गोष्टीत बाबा भोंदू निघतो आणि टाळ्या पडतात. इथे बाबा आंधळा आहे, प्रामाणिक आहे आणि त्याला खरंच वाटतं की देव त्याच्या हातून काम करतोय. एक बरा झाला की दुसरा कुठेतरी मरतो, हे त्याला माहीतच नाही. त्यात लेला नावाची मुलगी आहे, मेंदूत गाठ असलेली. तिचं आणि डीनचं शेवटचं बोलणं मला अख्ख्या मालिकेतल्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. रक्त जवळजवळ नाही.

एकोणिसावा, ‘प्रोव्हेनन्स’. भुताटकीचं चित्र. चित्रातली माणसं रात्री जागा बदलतात. कॅनव्हास जाळला तरी चित्र परत भिंतीवर हजर! इथे या मालिकेचा नियम समजून घ्या: भुताची हाडं मीठ टाकून जाळली की ते सुटतं. पण हाडं आधीच जळून गेली असतील तर? मग जे उरलंय ते शोधायचं. इथे ते कुठे उरलंय हे कळतं तेव्हा मला आजी आठवली. फणीतले केस गुंडाळून वाटेत टाकले की ती ओरडायची.

दुसऱ्या सीझनमधला सोळावा, ‘रोडकिल’. हा चुकवायचा नाही. नेवाडातला एक महामार्ग, रात्र, अपघात, नवरा गायब झालेली बाई आणि दर वर्षी त्याच तारखेला त्या रस्त्यावर येणारा एक मेलेला शेतकरी. शेवट सांगणार नाही. एवढंच सांगतो, अपघातात अवचित गेलेल्यांसाठी लोक त्र्यंबकला नारायण नागबळी करायला का येतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हा भाग पटकन लागतो. नारायणबळीत गव्हाच्या पिठाचं शरीर करून त्याला अग्नी देतात. म्हणजे ज्याचं काही हाताला लागलं नाही त्यालाही रीतसर निरोप.

आणि एक सांगतो, ते बहुतेक लोक सांगणार नाहीत. सातवा सीझन सगळे शिव्या देऊन सोडतात. मीही बराचसा पळवत पाहिला, ते काळा चिकट द्रव अंगात भरलेले खलनायक मला झेपले नाहीत. पण त्यात बॉबीची गोष्ट आहे. बॉबी म्हणजे या दोघांचा मानलेला काका, भंगाराचं यार्ड असलेला. तो जातो. हंटर, म्हणजे भुतांची शिकार करणाऱ्या लोकांत दफन करत नाहीत, चिता रचतात, तशी त्याचीही होते. सगळं विधिवत. तरी तो जात नाही. कारण त्याची दारूची चपटी बाटली डीनने आठवण म्हणून खिशात ठेवलेली असते.

आमच्या घाटावर हे रोजचं आहे हो. दहाव्याला पिंड ठेवतात आणि सगळे मागे सरून उभे राहतात. कावळे असतात ढिगानं, समोरच्या कठड्यावर बसलेले असतात, पण शिवत नाहीत. मग थोरला पुढे होतो, हात जोडतो, ‘दादा, धाकटीचं लग्न मी लावून देतो’. नाही शिवत. मग सून, मग जावई. कोणी चहाचा कप आणून ठेवतं, कोणी तपकिरीची डबी, कोणी विड्यांचं बंडल. मी एकदा चष्मा ठेवलेला पाहिला आणि लगेच शिवला. तासभर कोणीच आलं नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तो दर्भ आमच्याच दुकानातला. त्या अमेरिकन लेखकांनी रामकुंड पाहिलं असण्याचं काही कारण नाही. पण बॉबीची ती बाटली बघताना मला दुसरं काही सुचलंच नाही. तो राहतो, आधी मदत करतो आणि हळूहळू चिडका, सूडाचा होत जातो, आणि शेवटी स्वतःच म्हणतो की जाळा आता ती बाटली. प्रेमाने मागे ठेवून घेतलेलं माणूसही बिघडतं, हे दाखवायला फार धाडस लागतं.

काकूंना बरं वाटू दे.

विवेकवादी_सातपूर

आईंना आराम पडो. पण अशा मालिकांनी घरात काय शिरतं त्याचाही विचार व्हावा. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि इथे आपण पिठाच्या पुतळ्याचं कौतुक करतोय.

रामकुंडाशेजारी

साहेब, कौतुक निरोपाचं केलं, भुताचं नाही. आणि तुमच्यासाठीच एक भाग आहे, पहिल्या सीझनमधला सतरावा, ‘हेल हाऊस’. दोन पोरं गंमत म्हणून एका पडक्या घराची खोटी गोष्ट रचतात, भिंतीवर चिन्हं काढतात. दोन टोणगे ती वेबसाइटवर टाकतात. हजारो लोक वाचतात, विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासातूनच भूत तयार होतं. गोष्ट बदलली की भुताचे नियम बदलतात. मग हे दोघं भाऊ काय करतात, तर वेबसाइटवाल्या टोणग्यांना खोटी माहिती पुरवतात, म्हणजे वेबसाइटवर ‘हे भूत बंदुकीला घाबरतं’ असं छापून येईल आणि मग ते खरंच घाबरेल. ऐन वेळी सर्व्हर बसतो. २००६ सालचा भाग आहे, व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीचा. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर याहून चांगलं व्याख्यान तुम्हीही दिलं नसेल.

विवेकवादी_सातपूर

बघतो.

कॅसची_वकील

देवदूत नकोत म्हणणाऱ्यांचा निषेध! चौथ्या सीझनचा पहिला भाग, धान्याच्या गोदामात दारं उडवत, डोक्यावरचे दिवे फोडत देवदूत कॅस्टिएल, म्हणजे आमचा कॅस, चालत येतो आणि मागच्या भिंतीवर त्याच्या पंखांची सावली पडते. हे एक दृश्य नसतं तर मालिका पाचव्या सीझनलाच आटोपली असती. तसा मालिकेचा कर्ता एरिक क्रिपके याने आराखडा पाच सीझनचाच केला होता आणि पाचव्याचा शेवट, ‘स्वान साँग’, त्याच हिशेबाने लिहिलाय. तिथे तर जग बुडायचंच आहे, पण सगळं अडतं कशावर? गाडीच्या राखदाणीत लहानपणी कोंबून ठेवलेल्या खेळण्यातल्या सैनिकावर. मग जग बुडण्याच्या गोष्टी साधारण कशा?

रामकुंडाशेजारी

वकीलबाई, हे मान्य. पण बघा, तुम्हीसुद्धा उदाहरण दिलंत ते खेळण्याचं. मी तेच म्हणतोय. कॅसबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्या ऑफिसबद्दल आहे. स्वर्गातली ती बढत्या-बदल्यांची भांडणं मी दिवसा महापालिकेत बघतो, रात्री कशाला?

कॅसची_वकील

हसले. पण सहाव्यातला ‘द फ्रेंच मिस्टेक’ आईंना दाखवू नका. दोघं भाऊ अशा जगात पडतात जिथे ते मालिकेतले नट आहेत, जेन्सन आणि जॅरेड म्हणून सगळे हाका मारतात. माहीत असलेल्याला पोट दुखेपर्यंत हसू येतं. माहीत नसलेल्याला सांगत बसाल तर पहाट होईल.

सिडकोतला_धाकटा

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

‘होम’ संपल्यावर आई काही बोलली नाही. दिवा मालवायला सांगितला आणि सकाळी मला आवडतो म्हणून शिरा केला, बसून, खुर्ची ओट्याशी ओढून. फिजिओवाल्या ताईंनी आम्हा दोघांनाही झापलं.

‘रोडकिल’ काल लावला. दादा, तुम्ही शेवट सांगितला नाहीत, पण आईने पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखला! ती बाई दोघांना अपघाताच्या जागी घेऊन जाते आणि तिथे गाडीच नसते, तिथे मी थांबवून म्हटलं, ‘त्या शेतकऱ्याने लपवली असेल.’ आई म्हणाली, ‘गाडी कशाला लपवेल कोणी? गाडी उचलून नेली केव्हाच. हिलाच उचलून न्यायचं राहिलंय.’ मी मूर्खासारखा पुढचा अर्धा तास उत्कंठा असल्याचं नाटक करत होतो.

भुतं अडवायला करतात त्या मिठाच्या रिंगणावर तिचा एक आक्षेप आहे. ‘इतकं मीठ सांडतात आणि झाडत कोणीच नाही.’ भुतं लोखंडाला भितात हे मात्र लगेच पटलं. आम्हा भावंडांच्या वेळी तिच्या उशाखाली अडकित्ता होता म्हणे. डीनबद्दल मत चांगलं आहे, गाडी पुसतो म्हणून. सॅमने वकिलीचं शिक्षण सोडलं हे तिला अजिबात पसंत नाही.

आता अडचण अशी की मी तुमची बॉबीची पोस्ट तिला वाचून दाखवली. तिला आता थेट तोच बघायचाय. आजोबांच्या वेळी कावळा दुपारपर्यंत शिवला नव्हता, त्यांचं कुदळ-फावडं आणून ठेवलं तेव्हा शिवला, असं काल तिने पहिल्यांदा सांगितलं. पण सातव्या सीझनला उडी मारली तर बॉबी कोण हेच तिला माहीत नसणार. किमान किती बघावं लागेल?

रामकुंडाशेजारी

उडी मारू नका, ओळख नसलेल्याच्या दहाव्याला जाऊन काय कळणार. बॉबी पहिल्यांदा येतो पहिल्या सीझनच्या अगदी शेवटच्या भागात. तो बघा, जरा मारामारी आहे पण बघा. मग तिसऱ्यातला दहावा, ज्यात तो झोपेतून उठतच नाही आणि हे दोघं त्याच्या स्वप्नात शिरतात. त्याच्या बायकोचं काय झालं ते तिथे कळतं. (तिसरा सीझन तसाही छोटा आहे, लेखकांचा संप झाल्यामुळे १६ भागांतच उरकला.) मग पाचव्यातला पंधरावा, ती बायको परत येते. हा जड आहे, काकूंची तब्येत बघून ठरवा. मग सहाव्यातला चौथा, ज्यात अख्खा भाग बॉबीच्या घरून दिसतो: पोरं फोन करून करून कशी भंडावतात आणि हा एकटा काय काय निस्तरत असतो. त्या भागाचं दिग्दर्शन डीन झालेल्या जेन्सन अ‍ॅकल्सनेच केलंय. काकूंना बॉबी कळेल तो तिथे.

मग सातव्यातला दहावा, ‘डेथ्स डोअर’. त्यानंतरचं चिकट द्रवाचं राजकारण सरळ पळवा, बाटली दिसली की थांबवा. ती जळते सीझनच्या शेवटच्या भागात.

कुदळ-फावड्याचं वाचून मी दुकानात दोघांना सांगितलं. आणि शिऱ्याचं म्हणाल तर ताईंचंच ऐका, सहा आठवडे ओटा तुम्ही सांभाळा.