पगारवाढ होऊनही ऑपरेटर सोडून जातात. कामातील समाधान नेमके कशावर अवलंबून असते?

प्रश्न (कर्मचारी विभाग, वाळूज)

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी कर्मचारी विभागाचे काम पाहते. आमच्याकडे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या) यंत्रांवर साधारण दीडशे ऑपरेटर तीन पाळ्यांत काम करतात. त्यांतील निम्म्याहून अधिक कंत्राटी असून बहुतेक जण आयटीआय झालेले, पंचविशीच्या आतबाहेरचे आहेत. गेल्या दिवाळीनंतर व्यवस्थापनाने पगारात बरी वाढ केली, कँटीन सुधारले, बसची एक फेरी वाढवली. तक्रारी कमी झाल्या, हे खरे. परंतु मुले सोडून जाण्याचे प्रमाण होते तेवढेच राहिले. जाताना प्रत्येक जण अर्जात ‘घरगुती अडचण’ असे कारण लिहितो आणि काही महिन्यांनी तोच मुलगा दोन गल्ल्या पलीकडच्या कंपनीत, जवळजवळ तेवढ्याच पगारावर, उभा असलेला दिसतो. हल्लीच्या पिढीला चिकाटीच नाही, असे आमचे वरिष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तर देण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. ज्यांनी स्वतः यंत्रावर काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर (व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक, पुणे)

आपल्याला आलेला अनुभव या विषयाच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून परिचित आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व लेखापाल यांना, नोकरीत अतिशय चांगले वाटले तो प्रसंग आणि अतिशय वाईट वाटले तो प्रसंग सांगा, असे विचारले आणि 1959 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगल्या प्रसंगांत हाती घेतलेले काम तडीस गेल्याचा आनंद, त्याची कोणीतरी घेतलेली दखल, अंगावर आलेली जबाबदारी आणि मुळात कामाचे स्वरूप यांचा उल्लेख वारंवार आला. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणे, देखरेखीची पद्धत आणि वरिष्ठांचे वागणे पुढे आले. पगार दोन्हीकडे आढळला, तरी हर्झबर्ग यांनी तो दुसऱ्या गटात ठेवला. असमाधान दूर होणे आणि समाधान निर्माण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे मुख्य म्हणणे. त्या दृष्टीने पाहिले तर पगार, कँटीन आणि बस यांनी आपल्याकडच्या तक्रारी घटवल्या. त्यांच्याकडून होण्याजोगे काम तेवढेच होते.

मात्र हा सिद्धांत जसाच्या तसा वाळूजला लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या पाहणीत यंत्रावर उभा राहणारा एकही कामगार नव्हता. शिवाय यशाचे श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देण्याची माणसाची सवय अशा मुलाखतींत हमखास उतरते, हा त्यावरील आक्षेपही वजनदार आहे. ज्याला पुढच्या महिन्यात काम राहील की नाही याची खात्री नाही, त्याच्या बाबतीत पगार आणि नोकरीची शाश्वती यांना दुय्यम ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उत्तर (निवृत्त टर्नर, सातपूर, नाशिक)

मी 31 वर्षे लेथवर काम केले आणि त्यांतील शेवटची काही वर्षे युनियनच्या कार्यकारिणीत होतो. ताई, पगाराला कमी लेखू नका. दर तीन-चार वर्षांनी होणाऱ्या कराराची आम्ही कशी वाट पाहायचो, ते मला ठाऊक आहे. मुलांचे शिक्षण आणि घराचा हप्ता त्यावरच अवलंबून असे. पण वाढीचा आनंद दोन-तीन पगारांपुरता टिकतो आणि चौथ्या महिन्यापासून माणूस पुन्हा रोजच्या आठ तासांतच जगू लागतो.

त्या आठ तासांविषयी एक प्रसंग सांगतो. माझ्या यंत्राच्या स्पिंडलमधून वेगळा आवाज येत होता. रोज तेथे उभ्या राहणाऱ्या माणसाला तो कळतो, कार्यालयात बसलेल्याला कळत नाही. मी सुपरवायझरना तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा ‘तुम्ही टार्गेट बघा’ एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या पाळीत बेअरिंग जाम झाले, यंत्र चार दिवस बंद राहिले आणि चौकशीत पहिला प्रश्न ऑपरेटरला विचारला गेला. त्या महिन्यात माझ्या पगारातून एक रुपयाही कापला गेला नव्हता, तरी नोकरी सोडण्याचा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो तेव्हाच.

पुढे दुसरे व्यवस्थापक आले. त्यांनी प्रत्येक विभागात एक साधी वही ठेवली. यंत्राविषयी किंवा कामाच्या पद्धतीविषयी जे सांगायचे असेल ते कामगाराने त्यात लिहायचे आणि आठ दिवसांच्या आत त्याच पानावर, सहीनिशी, उत्तर मिळायचे. माझ्या निम्म्याहून अधिक सूचना नाकारल्या गेल्या, परंतु का नाकारल्या हे लिहिलेले असे. आपले म्हणणे कोणीतरी वाचून त्यावर विचार केला आहे, हे त्या दोन ओळींतून समजत होते, आणि त्याच काळात आमच्या विभागातील गैरहजेरी उतरलेली मी स्वतः पाहिली.

कामगाराला वेतनाइतकीच माणूस म्हणून जगण्याची मागणी असते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आजच्या मुलांनाही बहिणीच्या लग्नाची रजा मागताना चार जणांसमोर हात जोडावे लागू नयेत, एवढेच हवे असते.

उत्तर (असेंब्ली लाइनवरील कंत्राटी कामगार, चाकण)

काकांनी लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु आम्हाला ती वहीही मिळत नाही, कारण ती कायम कामगारांसाठी असते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताई आणि मी एकाच लाइनवर तोच नट त्याच टॉर्कला आवळतो. त्यांचा पगार माझ्या दुपटीहून अधिक आहे आणि आमच्या ओळखपत्रांची दोरीही वेगळ्या रंगाची आहे. पगार कमी आहे याचे दुःख मी समजून घेऊ शकते. दोरीचा रंग दुरूनच दिसतो आणि नवीन आलेला इंजिनिअरसुद्धा तो पाहूनच बोलण्याचा सूर ठरवतो, हे मात्र रोज लागते. दुसरे असे की, पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला लाइन सोडायची तर जागेवर बदली माणूस लागतो, आणि तो वेळेवर येत नाही. मैत्रिणी पाणीच कमी पितात. नोकरी सोडताना या गोष्टी अर्जात लिहायच्या कशा? म्हणून आम्हीही ‘घरगुती अडचण’ असेच लिहितो.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर (वाळूज)

आमच्याकडेही दोऱ्यांचे रंग वेगळे आहेत आणि त्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते, हे मान्य करते. तो रंग बदलणे माझ्या अधिकारात आहे. वेतनातील फरक नाही, पण तो मुद्दा मी लेखी मांडणार आहे. त्याआधी सर्व ऑपरेटरांची नाव न विचारता पाहणी घ्यावी, असा विचार आहे. ते योग्य होईल का?

उत्तर (व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक, पुणे)

घ्यावी, परंतु सावधपणे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1927 मध्ये रिले (टेलिफोन यंत्रणेतील विजेचे स्विच) जोडणाऱ्या मोजक्या स्त्री कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामाचा अभ्यास सुरू झाला. कामगारांकडे लक्ष दिल्याने उत्पादन वाढले, असे त्यावरून अजूनही शिकवले जाते. प्रत्यक्षात त्या लहान गटासाठी वेतनाची पद्धत बदलली होती आणि 1928 च्या आरंभी दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, हे सांगायचे बहुधा राहून जाते. नुसते विचारणे म्हणजे उपाय, असा समज त्यातून पसरला. आपण विचारले आणि पुढे काहीच हलले नाही, तर पुढच्या वेळी खरे कोणी लिहिणार नाही. म्हणून ज्या बाबतीत तीन महिन्यांत काही करता येईल, तेवढेच प्रश्न विचारावेत.

उत्तर (निवृत्त टर्नर, सातपूर)

वही ठेवणार असाल तर ती कंत्राटी मुलांसाठीही खुली ठेवा आणि सुपरवायझरच्या टेबलावर ठेवू नका. आमची पाण्याच्या कूलरशेजारी होती. पहिले पंधरा दिवस तिच्यात कोणीही काही लिहिले नाही. मग एकाने पंखा बंद असल्याचे लिहिले, दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला आणि त्यानंतर पाने भरू लागली.